सोनं आणि दागिना

छांदोग्य उपनिषदात उद्दालक श्वेतकेतूला समजावतो, की सोन्याचा एक गोळा जाणला की सोन्याचं जे जे घडवलं ते सगळं जाणलं. आकार हे केवळ नाव. वेदान्त म्हणून आपण हे मान्य करू. पण सराफाचा काटाही नेमकं हेच म्हणतो, आणि तिथे आपली पंचाईत होते. जुना तन्मणी मोडीत घातला, की लाख वजा, खडे वजा, घट वजा. उरेल त्या सोन्याचा भाव.

आता त्या तन्मण्याचं कुंदनाचं खोड जरा जवळून पाहू. खड्याभोवती दिसतं ते अतिशय शुद्ध सोनं, पातळ पट्ट्या करून दाबत दाबत बसवलेलं. त्याला आच लागत नाही. इतकं शुद्ध सोनं नुसत्या दाबानं एकजीव होतं. आत लाख, खड्याखाली चकाकता वर्ख. त्यामुळेच पैलू न पाडलेला हिरासुद्धा समईच्या उजेडात उजळतो. असा दागिना पाण्यात कधी बुडवू नये बरं का. आत ओल गेली की वर्ख काळवंडतो आणि खडा विझतो.

हॉलमार्क नाही म्हणून जुन्या दागिन्याला खोटा ठरवण्यातही अर्थ नाही. आपल्याकडे दागिन्यांना हॉलमार्क सुरू झाला २००० साली!

आणि जयपुरी जडावाचा हार हाती आला तर तो आधी उलटा करावा. मागे मीनाकाम असतं, लाल-हिरवी फुलं. घातल्यावर ती कुणालाच दिसत नाहीत, फक्त गळ्याला लागतात.