मुलांच्या उंचीची आगगाडी

यवतमाळसारख्या जिल्ह्याच्या ठिकाणी राहणाऱ्या गृहस्थाला, सुटीचा दिवस तोंडावर आला आणि घरातली मुले भोवती जमू लागली, की उद्या कुठे जायचे या प्रश्नाचे उत्तर शोधावेच लागते. आणि या जिल्ह्याला निसर्गाने व श्रद्धेने जे काही दिले आहे त्यावरून नजर फिरवली, तर ते उत्तर फारसे अवघडही नाही. टिपेश्वरच्या अरण्यात जायचे तर पहाटे उठून पांढरकवड्याची वाट धरावी. उमरखेडच्या बाजूला पैनगंगेवर सहस्रकुंडाचा धबधबा पाहायचा तर पाऊस चांगला झालेला असावा. आणि कळंबच्या चिंतामणीला जायचे तर पायऱ्या उतरून जमिनीखालच्या त्या थंडगार गाभाऱ्यात मुलांना हात धरून न्यावे. ही तिन्ही स्थळे मला प्रिय आहेत. तथापि यांच्याहून वेगळे असे एक चौथे सुख या जिल्ह्यातल्या मुलांच्या वाट्याला जवळजवळ शतकभर येत होते, ज्यासाठी मोटार लागत नव्हती, पाऊस लागत नव्हता आणि पैसाही थोडकाच लागत होता. ते सुख म्हणजे यवतमाळहून मूर्तिजापूरला जाणारी अरुंद रुळांची आगगाडी, जिला सारा वऱ्हाड ‘शकुंतला’ या नावाने ओळखतो.

ही गाडी मुलांकरिता निर्माण झालेली नव्हती, ही गोष्ट प्रथम ध्यानात घेतली पाहिजे. ती कापसाकरिता जन्मली. अमेरिकेत १८६१ साली यादवी युद्ध पेटले आणि लँकशायरच्या गिरण्यांना तिकडून येणारा कापूस तुटला, तेव्हापासून वऱ्हाडच्या काळ्या मातीकडे इंग्रज व्यापाऱ्यांचे आणि सरकारचे लक्ष विशेषत्वाने वळले. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा मुख्य मार्ग १८६७ साली नागपूरपर्यंत पोहोचला. परंतु हा मार्ग वऱ्हाडच्या उत्तर अंगाने गेलेला असल्यामुळे दक्षिणेकडच्या पठारावरील कापूस बैलगाड्यांतून, चिखल तुडवीत, घाट उतरून स्थानकापर्यंत आणावा लागे. १९०२ साली निजामाशी झालेल्या करारान्वये वऱ्हाड प्रांत सालाना २५ लाख रुपयांच्या खंडाने इंग्रज सरकारकडे कायमचा इजाऱ्याने आला, पुढच्याच वर्षी त्याचा कारभार मध्य प्रांताला जोडण्यात आला, आणि पुढे मूर्तिजापूर ते यवतमाळ ही सुमारे ११३ किलोमीटरची वाट वाहतुकीस खुली झाली.

हे काम अंगावर घेतले ते मुंबईच्या किलिक, निक्सन आणि कंपनी या पेढीने. या पेढीच्या व्यवस्थेखाली १९१० साली सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी स्थापन झाली; मूर्तिजापूरहून उत्तरेकडे अचलपूरपर्यंतची ७६ किलोमीटरची शाखा आणि वर्धा जिल्ह्यातली पुलगाव–आर्वी ही छोटी वाट हीही पुढे याच कंपनीच्या मालकीत होती. व्यवस्था अशी, की रूळ, जमीन आणि सरंजाम कंपनीचा, गाडी चालवायची जी.आय.पी. रेल्वेने, आणि उत्पन्नाचा ठरलेला हिस्सा कंपनीला पोहोचवायचा. जी.आय.पी. रेल्वे १९२५ साली सरकारच्या ताब्यात आली, १९५१ साली ती मध्य रेल्वेत विलीन झाली, देश स्वतंत्र झाला, प्रांतांची राज्ये झाली. परंतु हा करार मात्र मुदतीमागून मुदत वाढत राहिला, आणि देशातल्या बहुतेक साऱ्या लोहमार्गांचे राष्ट्रीयीकरण झाल्यावरही यवतमाळची ही वाट एका खाजगी कंपनीच्या नावावर राहिली. पुढे या मार्गाची जी आबाळ झाली तिचे एक मूळ मला या करारात दिसते. ज्या मालमत्तेचा धनी एक आणि वापरणारा दुसरा, तिच्या दुरुस्तीचा खर्च दोघांनाही परक्याचा वाटतो.

आता यंत्राकडे येऊ. मुख्य मार्गाच्या दोन रुळांतले अंतर १६७६ मिलिमीटर, म्हणजे साडेपाच फूट. शकुंतलेचे ७६२ मिलिमीटर, म्हणजे अवघे अडीच फूट. एवढ्या अरुंद वाटेला भराव कमी लागतो, रूळ हलके चालतात, पूल छोटे पुरतात आणि डोंगराच्या कडेने आखूड वळण घेता येते. थोड्या भांडवलात पठारावर चढायचे असेल तर याहून शहाणपणाची तजवीज नव्हती. तिचा तोटा मूर्तिजापूरला दिसे, जिथे जिनिंग-प्रेसिंगमधून बांधून आलेल्या गाठी छोट्या वाघिणीतून उतरवून मोठ्या वाघिणीत पुन्हा चढवाव्या लागत. पण व्यापाऱ्याला जो तोटा, तोच पाहणाऱ्या मुलाला लाभ होता, कारण त्या स्थानकात मोठी गाडी आणि छोटी गाडी एकाच ठिकाणी उभ्या असत, आणि माप म्हणजे काय हे त्याला कुणी न सांगता कळे.

या गाडीचे प्रसिद्ध इंजिन झेड-डी जातीचे, १९२१ साली मँचेस्टरात घडलेले आणि १९२३ पासून या वाटेवर धावू लागलेले. ज्या लँकशायरच्या गिरण्यांच्या भुकेपायी वऱ्हाडात रूळ टाकण्याची घाई सुरू झाली, त्याच मुलखातून हे इंजिन आले, हा योगायोग मला नेहमीच अर्थपूर्ण वाटत आला आहे. वाटेवरच्या जुन्या सिग्नलांवरही लिव्हरपूलचे नाव आणि १८९५ हे साल कोरलेले वाचायला मिळे. म्हणजे दारव्ह्याच्या शाळेतले एखादे पोर भूगोलाचे पुस्तक उघडण्यापूर्वीच लिव्हरपूल ही अक्षरे लोखंडावर बोट फिरवून वाचू शकत होते.

वाफेच्या इंजिनाइतके प्रामाणिक यंत्र मनुष्याने दुसरे केलेले नाही, असे माझे मत आहे. ते आपले काहीही लपवीत नाही. कोळसा पेटीत टाकताना दिसतो, पाणी टाकीत पडताना ऐकू येते, वाफ कोंडली गेली की दट्ट्या मागेपुढे सरकतो, दट्ट्याचा दांडा चाकाला ढकलतो आणि चाक फिरते; हा सगळा कार्यकारणभाव सात-आठ वर्षांच्या बुद्धीला फलाटावर उभे राहून स्वतःचा स्वतः जुळवता येतो. मोठ्या मार्गावरची इंजिने मुलाच्या डोक्यावरून निघून जात. तिथे चाकच त्याच्याएवढे असे आणि बाकीचे सारे आभाळात. शकुंतलेचे तसे नव्हते. तिचा डबा बुटका, पायरी खालची, फलाट जमिनीशी जवळजवळ सपाट. खिडकीत बसलेल्या आजीच्या हातात खालून उभ्या राहिलेल्या नातवाला शेंगांचा पुडा देता येत असे. शिवाय तिचा वेग ताशी वीस किलोमीटरच्या आसपास. त्यामुळे खिडकीतून दिसणारे झाड ओळखायला, त्याचे नाव विचारायला आणि मोठ्या माणसाने ते आठवून सांगायला पुरेसा अवकाश मिळे.

त्या प्रवासाचे स्वरूप ज्यांनी अनुभवले आहे त्यांना ते वर्णन करून सांगण्याची गरज नाही. परंतु ज्यांच्या वाट्याला ते आले नाही अशी एक पिढी आता मोठी झाली आहे, तिच्यासाठी थोडे विस्ताराने लिहितो. यवतमाळहून निघालेली गाडी लाडखेडच्या दिशेने उतरू लागली, की दोन्ही अंगांना साग, पळस आणि मधूनमधून कपाशीचे पट्टे लागत; दारव्हा मोतीबाग हे स्थानक आले की डब्यात गर्दी दाटे; अडाण नदीच्या खोऱ्यातून ती कारंज्याकडे निघे, आणि कारंजा म्हणजे नृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान असल्यामुळे दर्शनाला निघालेल्या कुटुंबांचा भरणा तिथवर असे. पुढे मूर्तिजापूर. सहा-सात तासांच्या या वाटेवर शिदोरी सोडण्याची जागा प्रत्येक घराची ठरलेली असे. कुणी भाकर-ठेचा काढी, कुणी तेलात परतलेल्या पोळ्या. हिवाळ्यात पेरू आणि बोरे, भाद्रपद-आश्विनात सीताफळे खिडकीशी विकायला येत. मे महिन्यात आजोळी निघालेल्या मुलांच्या डोळ्यांत कोळशाची कणी जाई, पदराच्या टोकावर फुंकर मारून आई ती काढी, आणि काढून होताच ते पोर पुन्हा खिडकीबाहेर डोके काढी.

गाडी पाण्यासाठी थांबली म्हणजे मुलांचे प्रश्न सुरू होत. ‘आजी, गाडी काऊन उभी राह्यली?’ असे नातवाने विचारावे आणि आजीने ‘पानी पेऊन राह्यली ना बाबू’ असे सांगावे, हा संवाद मी माझ्या बालपणी इतक्या वेळा ऐकला, की आजही उभे इंजिन दिसले म्हणजे त्याची तहान भागली असेल ना, असा विचार मनात येतो. आजीच्या त्या उत्तरात यंत्रशास्त्राची चूक एकही नव्हती.

या गाडीचा कारभार चालवणारी माणसे हा एक स्वतंत्र विषय आहे. उत्तरकाळात लहान स्थानकांवरचे कारकून आणि पॉइंट्समन निघून गेले, तेव्हा गाडीबरोबर प्रवास करणारी मोजकी मंडळीच सर्व कामे करू लागली. गार्डानेच तिकिटे फाडायची, फाटक लागले की कुणीतरी उतरून ते लावायचे, गाडी पुढे गेली की उघडून पुन्हा धावत डब्यात चढायचे, आणि शेवटच्या स्थानकावर इंजिन सोडवून दुसऱ्या टोकाला जोडायचे. खात्याच्या दृष्टीने ही ओढाताण होती, आणि त्या कर्मचाऱ्यांच्या कष्टांचे मोल मला मुळीच कमी करायचे नाही. पण गार्ड, तिकीट, फाटक, सांधा हे शब्द मुलांना एकाच माणसाच्या हातांत पाहायला मिळाले, आणि आगगाडी ही माणसे चालवतात ही साधी गोष्ट त्यांना समजली. हात दाखवून गाडी थांबवणाऱ्या म्हाताऱ्यासाठी ती थांबे. उशीर होई, पण त्या उशिराबद्दल डब्यात रागावलेले कुणी मला आठवत नाही.

१५ एप्रिल १९९४ रोजी वाफेचे इंजिन निवृत्त झाले आणि डिझेलचे आले. प्रवास चालू राहिला, भाडेही गरिबाला परवडणारे राहिले, परंतु रूळ जुने होत गेले, वेग आणखी कमी करावा लागला आणि फेऱ्या आक्रसल्या. २०१६ साली तत्कालीन रेल्वेमंत्री सुरेश प्रभू यांनी यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर मार्गाच्या रुंदीकरणासाठी सुमारे दीड हजार कोटी रुपयांची योजना जाहीर केली, आणि त्यानंतरच्या वर्षांत ही छोटी गाडी थांबली. दरम्यान वर्धा–यवतमाळ–नांदेड या २८४ किलोमीटरच्या नव्या मार्गाचे काम पुढे सरकले. २८ फेब्रुवारी २०२४ रोजी त्यातला वर्धा ते कळंब हा टप्पा खुला झाला. चिंतामणीच्या दर्शनाला मुलांना आगगाडीने नेता येण्याची सोय त्यामुळे झाली, याचा मला मनापासून आनंद आहे. कापसाचा भाव, दवाखान्याची निकड आणि परीक्षेची वेळ यांना ताशी वीस किलोमीटरचा वेग पुरत नाही. या जिल्ह्याला रुंद आणि वेगवान मार्ग मिळणे हा त्याचा हक्कच आहे, त्यात कुणाची मेहेरबानी नाही.

माझे म्हणणे एवढेच, की रुंदीकरणाचा हुकूम सुटताना अरुंद वाटेचा एक तुकडा चालता ठेवावा. महाराष्ट्राला हे नवीन नाही. आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याने बांधलेली नेरळ–माथेरानची गाडी, १९०७ सालची आणि रुंदीने शकुंतलेहूनही लहान, आजतागायत मुलांना डोंगरावर नेते. उलट बार्शी लाइट रेल्वेचे उदाहरण घ्या: १८९७ साली एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या अभियंत्याने याच अडीच फुटांच्या मापावर ती उभारली, तिने पंढरीच्या वारकऱ्यांच्या पिढ्या वाहिल्या, आणि ती रुंद होऊन गेल्यावर तिच्यातून प्रवास करून पाहण्याचा मार्गच उरला नाही. नागपूरला मोतीबागेत २००२ पासून अरुंद मार्गाचे संग्रहालय आहे. तिथे जुनी इंजिने व डबे निगुतीने ठेवलेले आहेत, मुलांसाठी छोटी गाडी फिरते, आणि यवतमाळकराने एकदा तरी सहकुटुंब तिथे जावे अशी माझी शिफारस आहे. पण संग्रहालयातले इंजिन थंड असते. मुलाला जे समजायचे असते ते त्याला उष्णतेतून, वासातून आणि धक्क्यातून समजते.

यवतमाळ ते लाडखेड एवढा तुकडा या कामाला पुरेसा आहे. त्यावर रोज गाडी नको. रविवारी आणि शाळांच्या सुट्यांत दोन फेऱ्या पुरेत. एक वाफेचे इंजिन, चार बुटके डबे, तिकीट फाडणारा एक गार्ड, पाण्याची एक टाकी, आणि जुन्या कर्मचाऱ्यांपैकी जे हयात आहेत त्यांच्याकडून ही विद्या शिकून घेणारी दहा तरुण माणसे, एवढा सरंजाम लागेल. जिल्हा परिषदेच्या शाळांतल्या मुलांना तिकीट माफ असावे, कारण मोटारीने टिपेश्वरला जाऊ न शकणारी मुले तीच आहेत. आणि पहिली फेरी उन्हाळ्याच्या सुटीत न काढता मार्गशीर्षात काढावी, जेव्हा दोन्ही बाजूंच्या शेतांत वेचणी चाललेली असते, बायांच्या कमरेला ओट्या बांधलेल्या असतात आणि बांधावर कापसाचे ढीग लागलेले असतात. म्हणजे ही वाट कशासाठी टाकली गेली होती, याचे उत्तर मुलांना खिडकीतूनच मिळेल.