मिरजेच्या वाघिणी आणि समुद्रातला टँकर

15,500 टन. नौदलाच्या ‘आयएनएस दीपक’ या टँकर जहाजात एवढा द्रवमाल मावतो: जहाजांचं डिझेल, विमानांचं इंधन, पाणी. तासगावात छाटणीनंतर बाग जगवायला टँकर मागवणाऱ्यांना टँकर काय असतो ते सांगायला नको. पण हा आकडा डोळ्यांसमोर आणायला मला मिरज स्टेशन आठवावं लागलं. एप्रिल 2016 मध्ये तिथून लातूरला पाण्याची रेल्वे जाऊ लागली. एका वाघिणीत 50 हजार लिटर, म्हणजे 50 टन. 50 वाघिणींची गाडी 2,500 टनांची. अशा सहा गाड्या ‘दीपक’मध्ये रित्या केल्या तरी जागा उरेल.

खरा हिशोब मात्र दिवसांचा आहे. मुंबई ते एडन सुमारे 3,000 किलोमीटर. 15 नॉट, म्हणजे ताशी 28 किलोमीटरने साडेचार दिवस. एडनच्या आखातात आपल्या युद्धनौका 2008 पासून चाच्यांविरुद्ध गस्त घालतात. डिझेलसाठी मुंबई गाठायची तर जाऊन-येऊन नऊ दिवस गेले. परक्या बंदरात तेल मिळतं, पण त्या देशाची मर्जी असेल तर. टँकर सोबत असेल तर हेच काम काही तासांत होतं.

तेही न थांबता. थांबलेलं जहाज लाटांच्या हवाली होतं. वेग असेल तरच ते सुकाणूला दाद देतं. म्हणून दोन्ही जहाजं 12 ते 14 नॉटने शेजारी-शेजारी चालत राहतात. मधली जागा 30 ते 50 मीटर, म्हणजे तीन-चार एसटी एकापुढे एक उभ्या कराव्यात एवढी. आधी बंदुकीने बारीक दोर पलीकडे उडवतात. त्याच्या टोकाला जाड दोर, त्यामागून पोलादी तार, आणि त्या तारेला लटकत इंधनाचा होज सरकतो. दोघांमधल्या अरुंद पट्ट्यात पाणी जोरात वाहतं, दाब घटतो आणि जहाजं एकमेकांकडे ओढली जातात. सुकाणूवरचा नाविक एकेका अंशाने ती ओढ सावरत असतो. वेगात अर्ध्या नॉटचा फरक पडला तर मिनिटाला 15 मीटरने एक जहाज पुढे सरकतं. मध्ये ताणलेल्या दोरावर ठरावीक अंतराने रंगीत झेंड्या असतात. त्या पाहून अंतर मोजायचं. असं दोन-तीन तास, नजर न हलवता. या माणसांबद्दल मला फार आदर वाटतो. ‘दीपक’ची पंपिंग क्षमता ताशी 1,500 टन, म्हणजे तासाला 30 वाघिणी.

आणि अशी जहाजं किती? चार. ‘ज्योती’ 1996 ची, ‘आदित्य’ 2000 ची, ‘दीपक’ आणि ‘शक्ती’ 2011 च्या. पूर्व आणि पश्चिम असे दोन ताफे, त्यात एखादं जहाज दुरुस्तीला गोदीत गेलं की एका किनाऱ्याला एकच उरतं. मला हा आकडा अपुराच वाटतो. 25 ऑगस्ट 2023 ला विशाखापट्टणमच्या हिंदुस्तान शिपयार्डशी पाच नव्या जहाजांचा करार झाला: प्रत्येकी 44,000 टनांची, एकूण खर्च सुमारे 19,000 कोटी. त्यातलं पहिलं 2027 मध्ये अपेक्षित आहे. त्या वर्षी ‘ज्योती’ला 31 वर्षं झालेली असतील.