घरचा डाव आणि अड्ड्यावरचा जुगार

पत्ते आणि पैसा यांची सांगड मराठी मध्यमवर्गाला नेहमीच अवघड वाटत आली आहे. मेंढीकोट, बदाम सात किंवा ब्रिज यांना घरात मज्जाव नसतो. पण डावावर चार पैसे लागले की त्याच करमणुकीला जुगार म्हणतात, आणि जुगार म्हटले की युधिष्ठिराचा दाखला दिला जातो. तरीही दर शनिवारी एखाद्याच्या घरी ठरल्या वेळी जमून, थोडे पैसे लावून रमी, तीन पत्ती किंवा अलीकडच्या काळात पोकर खेळणारी मित्रमंडळे आपल्या शहरांत आहेत, हे नाकारण्यात अर्थ नाही. ज्या समाजाने कार्तिक शुद्ध प्रतिपदेला द्यूतप्रतिपदा असेही नाव दिले, त्याला या खेळाचे वावडे कधीच नव्हते. त्याला भीती होती ती खेळातून होणाऱ्या नाशाची.

या घरगुती डावांचा आज नव्याने विचार करण्याचे एक कारण आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांसंबंधीचा कायदा संमत केला आणि पैसे लावून खेळले जाणारे सर्व ऑनलाइन खेळ, मग ते कौशल्याचे असोत वा नशिबाचे, निषिद्ध ठरविले. असा खेळ चालविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड अशी त्यात तरतूद आहे; खेळणाऱ्याला मात्र शिक्षा नाही. त्यानंतर बड्या कंपन्यांनी रमी आणि पोकर यांचे पैशांचे डाव बंद केले. पण दुकान बंद झाले म्हणून सवय नाहीशी होत नाही. हातातल्या फोनवर खेळणाऱ्यांपैकी काही जण पुन्हा मित्राच्या बैठकीच्या खोलीकडे वळतील, हे उघड आहे. अशा वेळी कोणता घरगुती डाव निरुपद्रवी आणि कोणता अड्ड्याच्या जातीचा, हे ओळखण्याची कसोटी सामान्य कुटुंबाजवळ असणे आवश्यक ठरते.

कायद्याची कसोटी

सर्वसाधारण समजूत अशी, की पैसे लावले की गुन्हा झाला. वस्तुस्थिती थोडी निराळी आहे. महाराष्ट्रात आजही १८८७ सालचा, मूळ मुंबई प्रांताचा, जुगार प्रतिबंधक कायदा लागू आहे. त्यात जुगाराच्या अड्ड्याची जी व्याख्या आहे तिचा गाभा एकाच गोष्टीत आहे. ज्या घरात किंवा खोलीत जुगाराची साधने मालकाच्या वा ती जागा चालविणाऱ्याच्या नफ्यासाठी ठेवली किंवा वापरली जातात, ती जागा अड्डा होय. मग तो नफा जागेच्या भाड्याच्या रूपाने येवो की अन्य कोणत्याही मार्गाने. तेथे पैसा फिरतो का, यापेक्षा त्यावर घरमालक कमावतो का, हा प्रश्न कायद्याच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. अर्थात याच कायद्यानुसार, पोलिसांनी रीतसर घातलेल्या धाडीत जुगाराची साधने सापडली, तर ती जागा अड्डा असल्याचा तो पुरावा मानला जातो आणि उलट सिद्ध करण्याचा भार घरमालकावर येतो, हेही विसरता कामा नये.

ही कसोटी केवळ आपल्याकडची नाही. पोकरचा एक अत्यंत लोकप्रिय प्रकार ज्या टेक्सासच्या नावाने ओळखला जातो, त्या अमेरिकी राज्यात जुगार हा गुन्हाच आहे. मात्र खेळ खासगी जागेत चालला असेल, स्वतःच्या जिंकलेल्या रकमेखेरीज कोणालाही आर्थिक लाभ होत नसेल, आणि कौशल्य व नशीब वगळता सर्वांना हारजितीची संधी सारखी असेल, तर खेळणाऱ्याला तो बचाव मिळतो. ब्रिटनमधील २००५ च्या कायद्यानेही खासगी खेळाला मोकळीक देताना, सहभागासाठी शुल्क घेता कामा नये अशी अट घातली आहे. निरनिराळ्या काळांत आणि समाजांत केलेले हे तीन कायदे यजमानाच्या कमाईपाशीच येऊन थांबतात, हा योगायोग मानता येणार नाही. त्यामागे एक साधा हिशेब आहे.

घराचा वाटा

सहा मित्रांनी आपापले पैसे टेबलावर ठेवले आणि रात्री उठताना ते आपसात वाटले गेले, तर एकाची हार ती दुसऱ्याची जीत; मंडळाची एकूण पुंजी तेवढीच राहते. यजमानाने प्रत्येक डावातून आपला वाटा काढून घेण्यास सुरुवात केली, म्हणजे ज्याला अड्ड्याच्या भाषेत नाल म्हणतात तो घेऊ लागला, की हिशेब मुळातून बदलतो. समजा, पाच जणांनी प्रत्येकी ५०० रुपये आणले. एका डावात सरासरी १०० रुपये जमतात आणि त्यातून पाच टक्के, म्हणजे पाच रुपये, घरासाठी काढले जातात. रक्कम क्षुल्लक वाटते. पण तासाला पंचवीस याप्रमाणे चार तासांत शंभर डाव झाले, तर ५०० रुपये घराकडे गेलेले असतात. एका भिडूने आणलेली सगळी पुंजी एका संध्याकाळीच टेबलावरून नाहीशी होते, आणि ती कोणी जिंकलेली नसते. असा खेळ वर्षभर चालला तर पाचही जण हरू शकतात. जिंकतो तो केवळ पत्ते हाती न धरणारा.

पाच टक्क्यांचा हा दर काल्पनिक वाटण्याचे कारण नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात द्यूताध्यक्षाने जिंकलेल्या द्रव्यातून शेकडा पाच घ्यावे, असे सांगितले आहे. शिवाय फाशांचे भाडे वेगळे. राज्याचे उत्पन्न म्हणून विचार करणाऱ्या त्या चतुर माणसाला ठाऊक होते, की द्यूतात खात्रीचा पैसा खेळवणाऱ्यालाच मिळतो. ऑनलाइन खेळांत हाच वाटा यंत्राकडून, दिवसरात्र, क्षणाक्षणाला कापला जात असे. त्यात १ ऑक्टोबर २०२३ पासून जमा केलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के वस्तू व सेवा कराची भर पडली होती. समोर मित्र नाही, उठण्याची वेळ नाही आणि घराचा वाटा मात्र अखंड चालू. त्या खेळात अनेकांची बचत का बुडाली, हे समजण्यास एवढे पुरेसे आहे.

येथे एक शंका रास्त आहे. यजमानाचा खर्च होतो, तो त्याने का सोसावा? चहा, फराळ, वीज आणि पत्त्यांचे जोड यांसाठी सर्वांकडून सारखी वर्गणी घेणे आणि ती त्याच रात्री खर्चून टाकणे यात गैर काहीच नाही. सिकंदराबादच्या एका क्लबासंबंधीच्या, १९६८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयानेही, पत्त्यांसाठी घेतलेल्या माफक आकारावरून क्लब नफा कमावीत होता असे म्हणता येणार नाही, असे मत दिले. भेद स्पष्ट आहे. वर्गणी डाव वाढले म्हणून वाढत नाही, वाटा वाढतो. त्यामुळे वाटा घेणाऱ्या यजमानाला खेळ लवकर संपावा असे कधीच वाटत नाही, आणि हरणाऱ्या मित्राला घरी पाठविण्याऐवजी आणखी एक डाव बसविण्यात त्याचे हित असते. मैत्री तेथेच संपते.

कौशल्याचा धोका

वाटा काढला नाही म्हणजे डाव निर्धोक झाला, असे मात्र नव्हे. वरील निर्णयात न्यायालयाने रमी हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ ठरविला, कारण पडलेली पाने लक्षात ठेवावी लागतात आणि पाने धरण्या-टाकण्यात बुद्धी लागते. उलट तीन पत्त्यांचा खेळ निव्वळ नशिबाचा, असे सांगितले. तेव्हापासून कौशल्य हा शब्द पैशांच्या खेळाचे शुद्धिपत्र बनला. मित्रमंडळाच्या दृष्टीने पाहिले तर प्रकार काहीसा उलटा दिसतो.

निव्वळ नशिबाच्या खेळात आज हरलेला उद्या जिंकतो, आणि शनिवार वाढत जातात तसतशी दर शनिवारची सरासरी हारजीत शून्याकडे झुकते. पोकरचे तसे नाही. प्रत्येकाच्या हाती दोन झाकलेली पाने, मध्ये सर्वांसाठी क्रमाने उघडली जाणारी पाच पाने आणि पैसे लावण्याच्या चार फेऱ्या, एवढीच त्याची मांडणी. पण हलकी पाने हाती असूनही जोरात पैसे लावून इतरांना माघार घ्यायला लावता येते. गणित, स्मरणशक्ती आणि समोरच्याचा चेहरा वाचण्याची हातोटी ज्याला आहे, तो प्रत्येक डाव जिंकत नाही. परंतु सरासरीने दर शनिवारी शंभर रुपये जरी अधिक घेऊन उठला, तरी पन्नास शनिवारांत ते पाच हजार होतात. ते त्याच त्याच दोन-तीन मित्रांच्या खिशातून आलेले असतात. कायद्याला जे कौशल्य गुण वाटते, तेच मंडळातील पैसा एका बाजूला साठवते. म्हणून कौशल्याच्या खेळात पैशांची मर्यादा नशिबाच्या खेळापेक्षाही कडक हवी.

या मर्यादेचे माप कोणते? डॅनियल बर्नोली या गणितज्ञाने १७३८ मध्ये दाखवून दिले, की समसमान संधीची पैजही दोघांना तोट्याचीच असते. कारण गमावलेल्या रुपयाची बोच मिळविलेल्या रुपयाच्या सुखापेक्षा अधिक असते, आणि पुंजी जितकी लहान तितकी ती बोच मोठी. एकाच टेबलाशी बँकेतला अधिकारी आणि खासगी कचेरीतला कारकून बसलेले असतात. पाचशे रुपये एकाच्या दृष्टीने एका संध्याकाळची करमणूक, तर दुसऱ्याच्या दृष्टीने घरातले महिन्याचे दूध. डावाची मर्यादा सर्वांत कमी मिळकतीच्या मित्राच्या खिशाला बेताची असली पाहिजे, आणि त्याला ती स्वतः मागावी लागू नये. तशी मागणी करण्यापेक्षा कर्ज काढून खेळणे माणसाला सोपे वाटते.

यजमानाचे काम

येथे यजमानाची भूमिका निर्णायक ठरते. रात्री किती रक्कम आणायची, ती संपल्यावर पुन्हा भर घालता येईल का आणि घातल्यास किती वेळा, हे पहिला पत्ता वाटण्यापूर्वी ठरलेले असावे. उठण्याची वेळ घड्याळाने ठरावी, हरणाऱ्याच्या इच्छेने नव्हे. डॅनियल काहनेमन आणि एमॉस ट्व्हर्स्की यांनी १९७९ मध्ये मांडलेला सिद्धांत असा, की खात्रीचा तोटा समोर दिसू लागला की माणूस तो टाळण्यासाठी एरव्ही पत्करला नसता असा धोका पत्करतो. ‘शेवटचा एक डाव’ ही मागणी बहुधा हरणाऱ्याकडूनच का येते, याचे उत्तर त्यात आहे. त्या क्षणी नकार देण्याचा अधिकार फक्त यजमानाला शोभतो.

उधारीबाबत तर कसलीही सवलत नसावी. १८७२ च्या करार कायद्याच्या ३० व्या कलमाने पैजेचा करार रद्दबातल ठरविला आहे. जिंकलेली रक्कम न्यायालयात जाऊन वसूल करता येत नाही. जुन्या मुंबई प्रांतात तर १८६५ च्या कायद्याने पैजेला जोडून केलेले करारही त्याच पंक्तीत बसविले. तेव्हा पत्त्यांची उधारी केवळ शब्दावर उभी असते आणि ती थकली की नुकसान केवळ पैशांचे होत नाही. हरलेला मित्र पुढच्या शनिवारी येत नाही, मग रस्त्यात टाळतो, आणि वर्षांची मैत्री दोन-तीन हजारांत निकाली निघते. घरून आणलेले संपले की त्या रात्रीपुरता खेळ संपला, हा नियम निष्ठुर दिसतो. प्रत्यक्षात तो सर्वांत दयाळू आहे.

एका खर्चाची नोंद या मंडळांच्या हिशेबात सहसा होत नाही. दर शनिवारी सहा माणसांचा चहा-फराळ करणारी, मध्यरात्री भांडी आवरणारी आणि मुलांना आतल्या खोलीत निजविणारी गृहिणी कोणत्याही डावात भिडू नसते. यजमान नफा घेत नाही, हे म्हणताना त्याच्या घरातील श्रम फुकट वापरले जातात याचा विसर पडतो. आळीपाळीने प्रत्येकाच्या घरी बसणे, फराळ बाहेरून आणणे, भांडी खेळणाऱ्यांनीच घासणे, या गोष्टी क्षुल्लक नाहीत. ज्या घरातील स्त्रीला शनिवार नकोसा वाटतो, त्या घरचा डाव बिनव्याजी नाही.

पैसे लावून खेळू नये, असे म्हणणाऱ्यांचा युक्तिवाद कमी प्रतीचा मानण्याचे कारण नाही. ज्याला स्वतःला आवरता येत नाही, त्याच्या बाबतीत लहान मर्यादेचा डावही मोठ्या डावाची शाळा ठरू शकतो, आणि अशा मित्राला पत्त्यांच्या टेबलावर न बोलावणे हेच मैत्रीचे लक्षण होय. परंतु सर्वांनाच एका मापाने मोजून घरगुती डावाला अड्ड्याशेजारी बसविले, तर माणसे खेळायची थांबत नाहीत. ती जिथे कोणी ओळखत नाही अशा जागी जातात. फोनवरच्या खेळाने तीच अनोळखी जागा प्रत्येकाच्या खिशात आणून ठेवली होती.

म्हणून घरच्या डावाला प्रतिष्ठा देण्याची गरज नाही, पण त्याला नियम असणे गरजेचे आहे. यजमानाने कमावू नये, मर्यादा सर्वांत दुबळ्या खिशाची असावी, उधारी नसावी, वेळ ठरलेली असावी आणि घरातल्यांच्या श्रमांचा भार सर्वांनी वाटून घ्यावा. या पाच अटी पाळल्या तर पत्त्यांवर लागलेले पैसे हे संध्याकाळचे मोल ठरते. त्यांतली पहिली अट मोडली की उरलेल्या चार फार दिवस टिकत नाहीत. कारण त्या मोडण्यातच मग यजमानाचा लाभ असतो.