त्या वर्षी साल कोणतं होतं?

पोरांनो, आज राजाची गोष्ट नाही, राणीची नाही. आज एका वर्षाची गोष्ट. हो, वर्षाचीच. पृथ्वीने सूर्याभोवती एक फेरी मारली, एवढंच घडलं. पण त्या एका फेरीला जगभरच्या माणसांनी इतके आकडे चिकटवले की बिचारीला स्वतःची ओळखही पटायची नाही.

कर्नाटकात बागलकोट जिल्ह्यात ऐहोळे नावाचं गाव आहे. तिथल्या टेकडीवर मेगुती नावाचं जैन मंदिर आहे आणि त्याच्या भिंतीवर एक लांबलचक संस्कृत लेख कोरलाय. लिहिणारा रविकीर्ती. त्याचा राजा चालुक्यांचा दुसरा पुलकेशी, नर्मदेवर हर्षवर्धनाला अडवणारा. आपला महाराष्ट्रही त्याच्याच ताब्यात. लेखात तीन महाराष्ट्रकांचा आणि त्यांतल्या ९९ हजार गावांचा उल्लेख आहे. ९९ हजार! दरबारी कवी आकडा सांगायला लागला की तो जरा सांभाळूनच घ्यावा. आणि हा कवी काही लाजाळू नव्हे, आपली कीर्ती कालिदास आणि भारवीच्या तोडीची आहे असं त्याने तिथेच कोरून ठेवलंय.

पण एक आकडा मात्र त्याने चोख दिला. भारतीय युद्धाला, म्हणजे महाभारतातल्या युद्धाला, ३७३५ वर्षं झाली, आणि शक राजांच्या काळाची ५५६ वर्षं गेली. ‘गेली’ म्हणतोय हं, ‘चालू आहे’ म्हणत नाही. तुमचा दहावा वाढदिवस झाला की तुमची दहा वर्षं संपलेली असतात आणि अकरावं चालू असतं, तसंच हे. शके ५५६ गेले, म्हणजे आजच्या हिशेबाने इसवी सन ६३४-३५.

खरं-खोटं तपासायचंय? खगोलज्ञ आर्यभटाने लिहिलंय की कलियुगाची, म्हणजे त्या युद्धापासून धरलेल्या युगाची, ३६०० वर्षं सरली तेव्हा तो २३ वर्षांचा होता. ते साल इसवी ४९९. आता ६३४ मधून ४९९ वजा करा. १३५. ते ३६०० मध्ये मिळवा. ३७३५! खगोलज्ञ एकीकडचा, कवी दुसरीकडचा, मध्ये सव्वाशेहून जास्त वर्षं, आणि हिशेब जुळतो.

मग त्या वर्षी बाकीचं जग काय म्हणत होतं? तुम्ही म्हणाल, युरोपात ६३४ म्हणत असतील. छे! ख्रिस्तजन्मापासून वर्षं मोजायची युक्ती डायोनिसियस नावाच्या भिक्षूने ५२५ साली काढली होती खरी, पण तिचा फारसा वापर सुरू झाला नव्हता. इंग्लंडच्या बीडने आपल्या इतिहासात ती वापरली, मग ती रुळली, आणि तो इतिहास पुरा झाला ७३१ साली. कॉन्स्टँटिनोपलचा सरकारी कारकून राजाचं वर्ष लिही आणि करवसुलीच्या पंधरा वर्षांच्या फेऱ्यातलं सातवं वर्ष म्हणे. सप्टेंबर उजाडला की आठवं.

अरबस्तानात खलिफा अबू बक्र त्याच वर्षी वारले. आपण आज सहज म्हणतो, हिजरी १३. पण हिजरी सन मोजायचं ठरवलं त्यांच्यानंतरच्या खलिफा उमर यांनी, आणि तेही काही वर्षांनी. म्हणजे हिजरी १३ चालू असताना ते १३ आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं! चीनमध्ये तांग सम्राट ताइझोंगच्या झेनग्वान काळाचं आठवं वर्ष, घोड्याचं. चिनी यात्रेकरू ह्युएन त्संग त्या सुमारास आपल्याकडे उत्तरेत फिरत होता. पुलकेशीच्या राज्यात तो पुढे आला.

आता तुम्ही विचाराल, आकाश एक, सूर्य एक, मग एवढा घोळ का? कुठून मोजायला लागायचं, तो घोळ माणसाचा. पण महिने आणि वर्ष जुळवायचा घोळ खुद्द आकाशात आहे.

चंद्र अमावास्येपासून अमावास्येपर्यंत सरासरी साडेएकोणतीस दिवसांहून किंचित जास्त घेतो. बारा वेळा केलं की ३५४ दिवस. ऋतूंचं वर्ष भरतं तीनशे सव्वापासष्टला थोडं कमी, ३६५.२४२२ दिवसांत. मध्ये उरले अकरा दिवस. ते कुठल्याच डब्यात बसत नाहीत. चंद्र धरला तर ऋतू सुटतात, सूर्य धरला तर पौर्णिमा सुटते. जगातल्या प्रत्येक पंचांगकर्त्याला या अकरा दिवसांचं काहीतरी करावंच लागलं.

आपण आणि चिन्यांनी तडजोड केली. दिवस साठू द्यायचे, साधारण अडीच-पावणेतीन वर्षांनी महिनाभर झाले की अधिक महिना घालायचा. म्हणून दिवाळी पुढेमागे डुलते पण पावसाळ्यात जात नाही. अरब इस्लामपूर्वी असा वाढीव महिना घालत. कुराणाने तो बंद केला. मग हिजरी वर्ष दरसाल अकरा दिवस मागे सरकतं आणि साधारण ३३ वर्षांत सगळे ऋतू फिरून येतं. रमजान कधी उन्हाळ्यात, कधी थंडीत येतो तो यामुळेच.

इराणी मंडळींचं आणखी निराळं. त्यांचे महिने बारा, प्रत्येक ३० दिवसांचा, वर पाच दिवस. एकूण ३६५. चंद्राची कटकटच नाही! पण वरचा पाव दिवस? तो सोडून दिला. इराणचा सासानी राजा तिसरा यज्दगर्द जून ६३२ मध्ये गादीवर आला. आपल्या वर्षात त्याचं तिसरं साल लागलं. ६५१ मध्ये तो मारला गेला, पुढे सासानी राजाच उरला नाही, म्हणून झरथुष्ट्राच्या अनुयायांनी त्याचीच वर्षं मोजणं चालू ठेवलं. मुंबईचे पारशी आजही मोजतात. २०२५ च्या ऑगस्टमध्ये यज्दगर्दी १३९५ लागलं. आणि तो सोडलेला पाव दिवस? साचत साचत नवरोज, म्हणजे वर्षाचा पहिला दिवस, जूनमधून मागे मागे घसरला, मे, एप्रिल, थंडी, पार करून जवळजवळ पूर्ण वर्षाची प्रदक्षिणा घालून जुलैपर्यंत आला. पारशांच्या कदमी पंथाचा नवरोज तिथेच आहे. दुसऱ्या, शहनशाही पंथाचा ऑगस्टमध्ये, कारण मधे कधीतरी त्यांनी एक महिना वाढीव घातला होता. त्या एका महिन्यावरून अठराव्या शतकात सुरतेच्या पारशांत केवढी भांडणं झाली!

हसू नका, आपलंही घसरलंय. संक्रांतीला आपण म्हणतो उत्तरायण लागलं. पण सूर्य उत्तरेला वळतो २१-२२ डिसेंबरला, आणि तिळगूळ येतो १४ जानेवारीला. रविकीर्तीच्या वर्षी मात्र या दोन्ही गोष्टी एखाद-दोन दिवसांच्या अंतरानेच घडल्या. फिरता भोवरा मंदावताना डोकं गोल हलवतो ना, तसा पृथ्वीचा अक्ष सुमारे २६ हजार वर्षांत एक फेरी पुरी करतो. त्यामुळे ताऱ्यांच्या खुणेने धरलेलं वर्ष ऋतूंच्या वर्षापेक्षा वीसेक मिनिटांनी मोठं पडतं, आणि आपल्या जुन्या गणितात तर आणखी थोडं मोठं. वीस मिनिटं म्हणजे काय, तुमची सकाळची आंघोळ! पण चौदाशे वर्षं ती साचली आणि संक्रांत तीन आठवडे पुढे गेली.

या सगळ्या कटकटीतून सुटायची वाटही लोकांनी शोधली होती. महिने नकोत, वर्षं नकोत, नुसते दिवस मोजा. मध्य अमेरिकेतल्या माया लोकांनी तेच केलं. ६३३ च्या जानेवारीत त्यांच्या मोजणीचे १३,६८,००० दिवस भरले. आपले ज्योतिषीही कलियुगारंभापासूनचे दिवस मोजत, त्याला अहर्गण म्हणतात. दोन्हींची सुरुवात अवघ्या बारा वर्षांच्या अंतरात येते, निव्वळ योगायोगाने. दोघांनीही ती मागाहून हिशेबाने बसवलेली.

आजचे खगोलशास्त्रज्ञही तसेच मोजतात. ६३४ च्या १ जानेवारीला दुपारी त्यांचा दिवस येतो १९,५२,६२७ वा. सन २००० च्या १ जानेवारीला, २४,५१,५४५ वा. घ्या पाटी. वजाबाकी करा, ३६५.२४२२ ने भागा. बरोबर १३६६ वर्षं यायला हवीत, पण तीनेक दिवस कमी पडतील. ते कुठे गेले, ते उद्या तुम्ही मला सांगायचं. खूण एवढीच देतो की १५८२ साली रोममध्ये ४ ऑक्टोबरला झोपलेली माणसं उठली ती १५ ऑक्टोबरला.