सांदवाडीतला कांदा : रोप म्हातारं होऊ देऊ नका



सध्या सगळं घर कापूस वेचणीत. दिवाळीच्या सुमारास टाकलेलं कांद्याचं रोप वाफ्यातच उभं आहे, "वेचणी आटोपली की लावू" म्हणून. पण तेवढा उशीर महागात पडतो. रब्बीचं रोप 45 ते 50 दिवसांत लावणीला येतं. त्यापुढं थांबलं की थंडीत डेंगळे निघतात, आणि डेंगळ्याचा कांदा टिकत नाही. म्हणजे पावसाळ्यात पुन्हा बाजारातूनच विकत घ्या. तेव्हा एक दुपार ढळती काढा अन् लावून टाका.

रोप उपटायच्या आदल्या दिवशी वाफ्याला पाणी द्या, मुळ्या तुटत नाहीत. पातीचा वरचा एक तृतीयांश शेंडा कापा. फार बारीक किंवा पिवळं रोप बाजूला काढा, ते भाजीत चालतं. मररोगाचा त्रास होत असेल तर लिटरभर पाण्यात 1 ग्रॅम कार्बेन्डाझिम टाकून मुळ्या त्यात बुडवून ठेवा. हातमोजे घाला, अन् हे भांडं घरात परत वापरू नका.

आता खोली. मोबाइलवर परदेशी 'लीक'ची लावणी दिसते, खोल भोकात रोप सोडतात. लीकचा पांढरा दांडाच खायचा असतो, म्हणून तसं. आपला कांदा तसा गाडला तर आपल्या काळ्या चिकण मातीत तो फुगतच नाही, लांबुळका होतो. बोटाचं पहिलं पेर बुडेल एवढंच खोल लावा, मान वर राहू द्या.

दोन ओळींत अर्धा फूट, दोन रोपांत चार इंच. 10 बाय 4 फुटांच्या वाफ्यात 240 रोपं बसतात. एक कांदा 50 ग्रॅमचा धरला तरी 12 किलो झाले. वाफ्यात दोन घमेले शेणखत घाला, पण पूर्ण कुजलेलं. कच्चं घालाल तर हुमणीला आवतण.

लावल्याबरोबर पाणी, तिसऱ्या दिवशी आंबवणी. मग जमीन पाहूनच द्या, आपली भारी जमीन ओल धरून ठेवते.

पुढच्या वर्षीसाठी बियाणं घेताना 'अकोला सफेद' किंवा साठवणीला 'भीमा शक्ती' विचारा. शंका असली तर सेलसुऱ्याच्या कृषी विज्ञान केंद्रात रोप घेऊनच जा. आणि लावणी झाली की वाफ्याचा फोटो ग्रुपवर टाका, रोप किती दिवसांचं होतं तेही लिहा.