विश्लेषण : पेशीचे ‘ब्रेक’ निकामी होतात तेव्हा... गर्भाशयमुखाचा कर्करोग कसा होतो, तो रोखता का येतो?

शरीरातील जुन्या पेशी मरतात आणि नव्या त्यांची जागा घेतात. हा हिशेब बिघडला की कर्करोगाची सुरुवात होते. पण तो एका रात्रीत बिघडत नाही. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला तर साधारण १५ ते २० वर्षे लागतात. नर्सिंगच्या अभ्यासक्रमातील ‘पेशीचक्र’ हा धडा रुग्णाच्या उपयोगी कसा पडतो, हे या आजारातून स्पष्ट होते.

पेशींच्या वाढीवर नियंत्रण कसे राहते?

काही जनुके पेशीला ‘विभाजन कर’ असा संदेश देतात. हा झाला अॅक्सिलरेटर. ‘आरबी’ हे प्रथिन ब्रेकचे काम करते. योग्य संदेश येईपर्यंत ते पेशीला पुढच्या टप्प्यात जाऊ देत नाही. ‘पी-५३’ हे प्रथिन तपासनीसासारखे असते. डीएनएमध्ये बिघाड दिसला तर ते विभाजन थांबवते. दुरुस्ती शक्य नसेल, तर पेशीला स्वतःला संपवायला लावते.

विषाणू नेमके काय करतो?

गर्भाशयमुखाच्या जवळपास सर्व कर्करोगांमागे ह्युमन पॅपिलोमा व्हायरस (एचपीव्ही) असतो. हा संबंध उलगडणारे जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सूर हाउझेन यांना २००८ मध्ये नोबेल मिळाले. सुमारे ७० टक्के रुग्णांमध्ये या विषाणूचे १६ आणि १८ हे प्रकार आढळतात. विषाणूचे ‘ई-६’ प्रथिन पी-५३ला नष्ट करवते, तर ‘ई-७’ आरबीला निकामी करते. म्हणजे तपासनीसही नाही आणि ब्रेकही नाही. मग पेशी विभागत राहतात आणि डीएनएमधील चुका साठत जातात.

संसर्ग म्हणजे कर्करोग का?

नाही. बहुतेक महिलांमध्ये रोगप्रतिकारशक्ती एक-दोन वर्षांत हा विषाणू हटवते. तो वर्षानुवर्षे टिकून राहिला, तरच पेशींमध्ये कर्करोगपूर्व बदल होऊ शकतात. एचआयव्हीबाधित महिलांमध्ये हा प्रवास वेगाने होतो. या टप्प्यात वेदना नसतात. त्यामुळे ‘त्रास नाही, मग तपासणी कशाला?’ हा समज घातक ठरतो.

परिचारिकेची भूमिका काय?

व्हीआयए तपासणीत गर्भाशयमुखावर सौम्य अॅसिटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरमधलेच आम्ल, लावतात. सुमारे मिनिटभरात बदललेला भाग पांढरा दिसतो. पांढरा डाग म्हणजे कर्करोगच असे नाही. पुढील तपासणी मात्र आवश्यक असते. मुंबईतील टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ पासून झोपडपट्ट्यांतील सुमारे दीड लाख महिलांचा अभ्यास केला. ही तपासणी डॉक्टरांनी नव्हे, तर प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्त्यांनी केली. तपासणी झालेल्या गटात या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले.

कोणी काय करावे?

३० ते ६५ वयोगटातील महिलांनी दर पाच वर्षांनी व्हीआयए तपासणी करावी, असे राष्ट्रीय कार्यक्रम सांगतो. मुलींसाठी एचपीव्ही लस आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या ‘सर्व्हाव्हॅक’ला २०२२ मध्ये मंजुरी मिळाली. लस नवा संसर्ग रोखते, जुना बरा करत नाही. म्हणून लस घेतली तरी तपासणी चुकवू नये. पाळीच्या मधे, शरीरसंबंधानंतर किंवा पाळी गेल्यानंतर रक्तस्राव झाल्यास पाच वर्षांची वाट न पाहता लगेच डॉक्टरांना दाखवावे.