कपारीतला शिकारी: कोनस जिओग्राफस

कोनस जिओग्राफस ही हिंदी आणि प्रशांत महासागरांतील प्रवाळखडकांत राहणारी विषारी गोगलगाय. शंखाची लांबी साधारण १० ते १५ सेंटिमीटर, कवच पातळ, वर नकाशासारखे तपकिरी डाग. अंगात वेग मुळीच नाही, तरी ती मासे खाऊन जगते.

शिकार रात्री चालते. लहान मासे कपारीत विसावलेले असतात. गोगलगाय नळी उंचावून पाण्यातला वास घेत जवळ सरकते आणि तोंड पसरू लागते. ते पसरत पसरत कोकणातल्या पाग या जाळ्यासारखे घेरदार होते. मासा पळत कसा नाही, याचा उलगडा २०१५ मध्ये झाला. तिच्या विषात माशांच्या इन्सुलिनसारखे इन्सुलिन असते. ते कल्ल्यांवाटे आत गेले, की माशाच्या रक्तातली साखर एकदम उतरते आणि तो सुस्तावतो. त्याला आत घेऊन गोगलगायीचे तोंड मिटते. मग आतल्या आत दात टोचला जातो. हा दात पोकळ, टोकाशी काटेरी, एकदाच वापरायचा. पुढचे दात पिशवीत तयार असतात. काही तासांनी हाडे, खवले आणि वापरलेला दात बाहेर टाकला जातो.

टोचलेल्या विषातले एक प्रथिन मज्जातंतूकडून स्नायूला हुकूम पोचवणारे दार बंद करते. या प्रकारच्या दारांना शास्त्रात निकोटिनचेच नाव आहे. निपाणीच्या वखारींतून ज्या तंबाखूचा खकाणा उडतो, तिच्यातले निकोटिन अशीच दारे उघडते. गोगलगायीचे विष ती लावून घेते. माणसाला दंश झाला तर श्वासाचे स्नायूच थांबतात. उतारा नाही; विष ओसरेपर्यंत कृत्रिम श्वास द्यावा लागतो, आणि तो वेळेवर मिळाला तर माणूस वाचतो.

या गोगलगायीच्या कुळातल्या काही जाती भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरही आहेत. बेळगाव-निपाणीहून आंबोली घाट उतरून वेंगुर्ला-मालवणला जाणाऱ्या मुलांच्या हाती शंख लागतोच. शंकूसारखा शंख जिवंत असेल तर तो उचलूच नये. सोंड निमुळत्या टोकातून निघते, पण मागे वळून रुंद बाजूच्या बोटांपर्यंतही पोचू शकते.

याच कुळातल्या कोनस मेगसच्या विषावरून घडवलेले झिकोनोटाइड हे वेदनाशामक अमेरिकेत २००४ मध्ये मंजूर झाले. ते पाठीच्या कण्यातल्या द्रवात सोडतात. भारतीय किनाऱ्यांवरच्या जातींची विषप्रथिने बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत पी. बलराम यांच्या गटाने अभ्यासली. जिओग्राफसच्या इन्सुलिनमध्ये ४३ अमिनो आम्ले, माणसाच्या इन्सुलिनमध्ये ५१. माणसाच्या इन्सुलिनचे सहा-सहा रेणू एकत्र चिकटतात आणि सुटे झाल्यावरच काम करतात; गोगलगायीचे सुरुवातीपासून सुटेच असते. झटपट लागू पडणाऱ्या इन्सुलिनच्या शोधात संशोधक तिच्याकडे वळले, ते यामुळेच.